चार अंशांचा नियम समुद्र पाळत नाही

पंचगंगेत मासे मेल्याची बातमी कोल्हापूरकरांना नवी नाही. बंधाऱ्याला बरगे घातलेले असतात, पाणी तुंबलेलं असतं, त्यात सांडपाणी येऊन मिसळतं. ती घाण कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन फस्त करतात आणि मासे तोंड वर काढून तडफडू लागतात. परवा अशाच बातमीवरून चहाच्या गाड्यावर एकाने विचारलं, "पाणी म्हणजेच एच-टू-ओ की हो! मग त्यातला ऑक्सिजन संपतोय कसा?"

हा घोटाळा भल्याभल्या पदवीधरांचाही असतो. रेणूत जखडलेला ऑक्सिजन माशाच्या काही कामाचा नाही. त्याला लागतो हवेतून येऊन पाण्यात विरघळलेला, मोकळा ऑक्सिजन. तो असतो चिमूटभर: शून्य अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरला फार तर 14.6 मिलिग्रॅम, 30 अंशांना जेमतेम 7.5. आपल्या एका साध्या श्वासातल्या हवेत याहून कितीतरी जास्त ऑक्सिजन असतो. तेव्हा 'ऑक्सिजनयुक्त पाणी' म्हणून महागडी बाटली कुणी गळ्यात मारत असेल, तर आपल्या आतड्यांना कल्ले नाहीत एवढं लक्षात ठेवावं.

नदी उथळ असूनही तिची ही गत. मग सरासरी पावणेचार किलोमीटर खोल समुद्राच्या तळाशी काय होत असेल? सूर्यप्रकाश दोनशे मीटरच्या खाली जवळपास नाहीच, म्हणजे वनस्पती नाहीत. एडवर्ड फोर्ब्स या निसर्गशास्त्रज्ञाने 1843 मध्ये मांडलं होतं की साधारण 550 मीटरखाली जीवसृष्टी नसावी. 'चॅलेंजर' जहाजाच्या 1872 ते 1876 च्या सफरीने ते साफ खोडून काढलं. 2022 मध्ये तर जपानजवळ 8,336 मीटर खोलीवर पोहणाऱ्या माशाचं चित्रीकरण झालं. त्याच्यापर्यंत ऑक्सिजन पोचवला कुणी? नुसत्या विसरणाने, म्हणजे स्थिर पाण्यात आपोआप पसरत, रेणू तळाशी जायचे म्हटलं तर कोट्यवधी वर्षं लागतील. पाण्यालाच वरून खाली जावं लागतं.

आता शाळेतलं होपचं उपकरण आठवा. गोड्या पाण्याची घनता 4 अंशांना सर्वाधिक. त्याहून गार झालेलं पाणी हलकं होऊन वरच राहतं, म्हणून थंड देशांतली तळी वरून गोठतात आणि तळाशी 4 अंशांचं पाणी शिल्लक राहतं. हा नियम आपण इतका घोकलेला असतो की तो समुद्रालाही लावून मोकळे होतो. पण किलोभर समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, आणि क्षार साधारण 25 ग्रॅमच्या वर गेले की हे असंगत आचरण उरतच नाही. असं पाणी गोठेपर्यंत, म्हणजे उणे 1.9 अंशापर्यंत, जड होतच जातं. 4 अंशांवर थांबायचा त्याला मुक्कामच नाही!

त्यात भर बर्फाची. समुद्राचं पाणी गोठताना बहुतेक मीठ बर्फाबाहेर टाकलं जातं आणि खालचं पाणी आणखी खारट होतं. अंटार्क्टिकाच्या वेडेल आणि रॉस समुद्रांत खंडावरून उतरणारा बोचरा वारा ताजा बर्फ किनाऱ्यापासून दूर लोटतो. उघडं पडलेलं पाणी पुन्हा गोठतं, पुन्हा मीठ खाली. हिवाळाभर हाच धंदा. शेवटी हे थंड, खारट पाणी उतारावरून घसरत थेट महासागराच्या तळाला लागतं. उत्तरेत ग्रीनलंडच्या आजूबाजूलाही पाणी असंच बुडतं, तिथे मुख्य काम वाऱ्याने केलेल्या गारठ्याचं. गार पाण्यात वायू जास्त विरघळतो, त्यामुळे बुडताना ते ऑक्सिजनची भरगच्च शिदोरी घेऊनच जातं.

हेन्री एलिस या गुलामवाहू जहाजाच्या कप्तानाने 1751 मध्ये उपोष्ण कटिबंधातल्या अटलांटिकमध्ये बादली खोल सोडली, तेव्हा वर येणारं पाणी गार लागलं. त्याने ते वाईन थंड करायला वापरलं. ते पाणी ध्रुवाकडून येत असणार, हा तर्क पुढे इतरांनी लढवला.

कार्बन डायऑक्साइड याच वाटेने जातो, पण त्याची तऱ्हा वेगळी. तो पाण्याशी अभिक्रिया करून मुख्यतः बायकार्बोनेट होतो. वायूच्या रूपात उरतो जेमतेम एक टक्का. म्हणून तर वातावरणाच्या जवळपास पन्नासपट कार्बन समुद्रात मावला आहे. पण याच रसायनामुळे वरच्या थराचा हवेशी समतोल साधायला ऑक्सिजनला काही आठवडे पुरतात, तर कार्बन डायऑक्साइडला वर्षभर लागतं. बरंचसं पाणी त्याआधीच बुडी मारतं, कोटा पुरता न भरता. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण चौथा हिस्सा समुद्र घेतो. 'समुद्र आहे की, सगळं शोषून घेईल' म्हणणाऱ्यांनी दार किती अरुंद आहे ते बघावं.

तळाच्या प्रवासात वरून पडणारे प्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे) अवशेष कुजत राहतात. ऑक्सिजन घटतो, कार्बन वाढतो. उत्तर अटलांटिकचं पाणी उत्तर पॅसिफिकमध्ये पोचेपर्यंत हजारेक वर्षं उलटतात.

आपला अरबी समुद्र यात न्यारा. उत्तरेला जमीन, त्यामुळे थंडीने पाणी तळापर्यंत बुडेल अशी जागाच नाही. वर मोसमी वाऱ्यांमुळे प्लवकांचं पीक मात्र जोमदार. परिणामी साधारण दीडशे ते हजार मीटरच्या पट्ट्यात कित्येक ठिकाणी ऑक्सिजन जवळपास शून्य. दोन-तीन किलोमीटर खाली गेलं की तो पुन्हा सापडतो, कारण तिथलं पाणी दक्षिणेकडून तळातळाने आलेलं असतं. गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात गेलेल्या कोल्हापूरकराला पुढ्यात जो समुद्र दिसतो, त्याच्या तळाला श्वास पुरवतो तो अंटार्क्टिकाजवळचा हिवाळा.