हिमाला हवी कोरडी हवा

नागपूरहून नवी मुंबईत राहायला येणारी मंडळी कूलर सोबत आणतात आणि पहिल्याच मे महिन्यात तो माळ्यावर जातो. विदर्भाच्या कोरड्या हवेत कूलरच्या जाळीवरचं पाणी भराभर उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. वाशीच्या खाडीवरून येणारी हवा आधीच बाष्पाने भरलेली. तिच्यात आणखी पाणी मावणार कुठे? हिवाळी ऑलिंपिकचं यजमानपद कोणत्या गावाला झेपेल, हे आज बऱ्याच अंशी याच नियमावर ठरतं.

१९२४ साली फ्रान्समधल्या शामोनी इथे पहिली हिवाळी स्पर्धा झाली, तेव्हा सगळी भिस्त आकाशावर होती. आकाश दगा देतं, हे १९६४ मध्ये इन्सब्रुकला कळलं. त्या वर्षी हिम पडलंच नाही, तेव्हा ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी डोंगरावरून बर्फाच्या सुमारे २०,००० लाद्या आणि ४०,००० घनमीटर हिम वाहून आणलं. १९८० मध्ये लेक प्लॅसिडला ऑलिंपिकमध्ये प्रथमच यंत्राने बनवलेलं हिम वापरलं गेलं. २०२२ च्या बीजिंग स्पर्धेत तर उतारांवरचं जवळजवळ सगळं हिम यंत्रांतून आलेलं होतं.

ही यंत्रं म्हणजे स्नो गन. दाबाखालची हवा आणि पाणी एकत्र फवारलं की पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडतात. प्रत्येक थेंबाचा थोडासा भाग वाफ होतो आणि उरलेल्या थेंबाची उष्णता घेऊन जातो. शाळेत शिकलेले अप्रकट उष्म्याचे आकडे आठवा: १ ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी, १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी. म्हणजे एक ग्रॅम पाणी उडून गेलं, तर शून्य अंशाला आलेलं जवळजवळ सात ग्रॅम पाणी गोठवण्याइतकी उष्णता ते सोबत नेतं. मला हा हिशेब फार सुंदर वाटतो.

पण पाणी उडायला हवा कोरडी हवी. म्हणून स्नो गन चालवणारा माणूस साध्या थर्मामीटरकडे बघत नाही, तो वेट बल्ब तापमान बघतो. म्हणजे थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळल्यावर दिसणारं तापमान. ते साधारण उणे २ अंशांच्या खाली हवं. हवा अधिक १ अंशावर असेल, पण आर्द्रता ३० टक्केच असेल, तर वेट बल्ब उणे ३ च्या आसपास उतरतो आणि हिम बनतं. हवा उणे १ ला असून धुकं दाटलेलं असेल, तर तो उणे १ च्या जवळच अडकतो आणि काम थांबतं. बीजिंगजवळच्या डोंगरांवर हिवाळा कडक आणि कोरडा असतो. हिम फारसं पडत नाही, पण बनवता भरपूर येतं.

आणखी एक अडचण असते. शुद्ध पाण्याच्या सूक्ष्म थेंबाला गोठण्यासाठी धरायला काही कण मिळाला नाही, तर तो उणे ३० च्याही खाली द्रवच राहू शकतो. म्हणून काही ठिकाणी पाण्यात स्यूडोमोनास सिरिंजी या जीवाणूपासून मिळणारं प्रथिन मिसळतात. या जीवाणूमुळे पिकांवर उणे २-३ अंशांनाच दहिवर गोठतं. शेतकऱ्याच्या या शत्रूला खेळासाठी कामाला लावलं आहे.

तरीही यंत्रांना मर्यादा आहे. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली झालेल्या २०२२ च्या अभ्यासानुसार, कार्बन उत्सर्जन असंच वाढत राहिलं, तर तोवरच्या २१ यजमान शहरांपैकी शतकाच्या अखेरीस फक्त जपानचं साप्पोरो भरवशाचं राहील. आपल्याकडेही झळ लागलीच आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत गुलमर्गमधला खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचा टप्पा हिमाअभावी पुढे ढकलावा लागला आणि मार्चमध्ये झाला. बीजिंगला स्लॅलमच्या, म्हणजे खांबांमधून वळणं घेत उतरण्याच्या स्कीइंगच्या, दोन प्रकारांत भारतातर्फे उतरलेला आरिफ खान याच परिसरातला आहे. तिथला उतार उघडा पडला, तर पुढचा आरिफ सराव कुठे करणार?

बंद सभागृहातल्या बर्फाची गोष्ट मात्र वेगळी आहे. आइस हॉकी, फिगर स्केटिंग, स्पीड स्केटिंग, कर्लिंग यांना डोंगर लागत नाही. काँक्रीटमध्ये बसवलेल्या नळ्यांमधून थंड द्रव फिरवायचा आणि वर तीन-चार सेंटिमीटर जाडीचा बर्फ थरांवर थर देत बसवायचा. फिगर स्केटिंगला बर्फ साधारण उणे ३-४ अंशांचा, थोडा मऊ लागतो, म्हणजे उडीनंतर पातं नीट रुततं. हॉकीला त्याहून थंड आणि कडक लागतो. गोठवलेली मासळी उणे १८ ला ठेवावी लागते! तुर्भ्याच्या पट्ट्यातल्या कोल्ड स्टोरेजमध्ये भर मे महिन्यात कंप्रेसर सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांना रिंकचा, म्हणजे स्केटिंगच्या मैदानाचा, बर्फ अवघड वाटू नये.

खरी लढाई इथेही आर्द्रतेशीच आहे. दमट हवा बर्फावर आली की धुकं होतं आणि छतावर पाणी साठून थेंब खाली पडतात. त्या थेंबांचे टेंगूळ वेगाने धावणाऱ्या स्केटरला आडवं करू शकतात. म्हणून सभागृहातली हवा यंत्राने कोरडी करत राहावी लागते आणि समुद्रकाठी त्यावर वीज बरीच जाते. पण ते अशक्य नाही. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी देहरादूनला बांधलेला रिंक बरीच वर्षं बंद राहिला होता. तिथेच २०२५ च्या ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात, शॉर्ट ट्रॅकची, म्हणजे छोट्या रिंकवरच्या स्पीड स्केटिंगची, आशियाई खुली स्पर्धा पार पडली.

आणि खेळाडू? सहा हिवाळी ऑलिंपिक खेळलेल्या शिवा केशवनने ल्यूजच्या घसरगाडीला चाकं लावून हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर सराव केला. अमेरिकेची एरिन जॅक्सन फ्लोरिडातल्या ओकाला या उष्ण गावात इनलाइन, म्हणजे एका ओळीत चाकं असलेल्या, स्केट्सवर वाढली. बर्फावर पूर्ण वेळ सराव सुरू केल्यावर काही महिन्यांतच ती २०१८ च्या ऑलिंपिक संघात आली आणि २०२२ मध्ये तिने स्पीड स्केटिंगमध्ये ५०० मीटरचं सुवर्णपदक जिंकलं. चाकांवर शरीर कसं झुकवायचं, वळणावर पाय कसा ओलांडायचा, हे ज्याला जमतं त्याचं निम्मं शिक्षण झालेलं असतं. ठाण्यात, नेरुळमध्ये, खारघरमध्ये संध्याकाळी गुडघ्यांना पॅड बांधून स्केटिंगला निघणारी मुलं ते रोज गिरवत असतात. शॉर्ट ट्रॅकला ६० बाय ३० मीटरचा रिंक पुरतो. नवी मुंबईत तो व्हावा, आणि सकाळचे काही तास या मुलांसाठी राखून ठेवावेत, असं मला मनापासून वाटतं.