कॉपी केला पत्ता, सोबत आला मायना

ऑगस्ट संपता संपता घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ऑफिसांत एकच धांदल असते. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायला हवी आणि तिची नोटीस 14 पूर्ण दिवस आधी सभासदांकडे पोचायला हवी. पूर्वी वॉचमन दारोदार फिरून सह्या आणायचा. आता निम्मे फ्लॅट भाड्याने गेलेत, मालक कुणी पुण्यात तर कुणी दुबईत, त्यामुळे नोटीस ईमेलने जाते. आणि तिथे पत्त्यांचं गाडं अडतं.

गेल्या वर्षी सचिवपद माझ्या गळ्यात पडलं. आधीचे सचिव, सी विंगमधले काका, म्हणाले, "अहो, यादी कशाला शोधताय? मागच्या वर्षीची नोटीस उघडा, वरचे सगळे पत्ते कॉपी करा, झालं काम." तसं केलं. (काकांनी सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतील असे 'टू'मध्येच टाकले होते हे तेव्हा कळलं, पण तो वेगळ्या भांडणाचा विषय.) 96 पत्ते उचलून एकगठ्ठा मेल पाठवणाऱ्या एका सेवेच्या चौकटीत टाकले. चौकटीने हिशेब दिला: 131 पत्ते, त्यातले 35 अवैध. सोसायटीत फ्लॅटच 96 आहेत!

एक ओळ नीट न्याहाळली तेव्हा उलगडा झाला. काकांच्या ॲड्रेस बुकात नावं अशी होती (पत्ता अर्थातच बदलून देतोय):

जोशी, बी-302 <बी302@एक्झाम्पल.कॉम>

'जोशी'नंतरचा स्वल्पविराम दिसला की चौकट समजायची, एक पत्ता संपला. म्हणजे 'जोशी' हा एक पत्ता आणि 'बी-302'पासून पुढचा दुसरा. ज्या नावांत काकांनी स्वल्पविराम दिला नव्हता ती 61 बिनबोभाट पार पडली. मी प्रोग्रामला शिव्या घातल्या, पण बिघाड कुठेच नव्हता. त्या ओळीतलं एकेक चिन्ह कुणीतरी विचार करून ठेवलेलं आहे, फक्त वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या कारणांसाठी.

सुरुवात @ पासून. 1971 साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप पाठवला. माणूस कोण आणि यंत्र कुठलं हे वेगळं दाखवायला त्याने @ निवडलं, कारण ते कुणाच्या नावात येत नाही. पत्ता तेव्हा एवढाच होता. पण नुसत्या पत्त्यावरून माणूस ओळखू येईना, म्हणून लोक पुढे साध्या कंसात नाव लिहू लागले. नोव्हेंबर 1977 मध्ये आरएफसी 733 या दस्तऐवजाने (इंटरनेटचे नियम अशा क्रमांक दिलेल्या आरएफसींत लिहिलेले असतात) मेलच्या मथळ्याचं व्याकरण बांधून दिलं. त्यात @ च्या जागी चक्क 'ॲट' हा शब्द लिहिलेलाही चालायचा. पुढे ऑगस्ट 1982 मध्ये आरएफसी 822 आला आणि तो शब्द गेला, @ तेवढं उरलं.

आपल्या कॉपी-पेस्टच्या दुखण्याचं मूळ या 822 मध्येच आहे. डेव्हिड क्रॉकर यांनी संपादित केलेल्या या दस्तऐवजाने सांगितलं की आधी माणसाचं नाव लिहावं आणि नंतर पत्ता टोकदार कंसात, म्हणजे शाळेत लहान-मोठेपणा दाखवायला वापरतो त्या दोन चिन्हांच्या मधे. अनेक पत्ते असतील तर मधे स्वल्पविराम. नावातच स्वल्पविराम असेल तर ते नाव दुहेरी अवतरणात. 2001 च्या आरएफसी 2822 मध्ये आणि 2008 च्या 5322 मध्येही हा गाभा तसाच आहे. तेव्हा नाव आणि कंसासकट आलेल्या ओळीला आपण 'कचरा' म्हणतो, पण मेलच्या व्याकरणाप्रमाणे ती पूर्ण शुद्ध आहे. काकांच्या यादीत खरी उणीव होती ती 'जोशी, बी-302' भोवतीच्या दोन अवतरणचिन्हांची.

त्याच ऑगस्ट 1982 मध्ये जॉन पोस्टेल यांचा आरएफसी 821 आला. मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे कसा जातो ते त्यात आहे, आणि तिथे नावाला जागाच नाही. सर्व्हर सर्व्हरला फक्त पत्ता सांगतो. जुन्या पत्राचं आठवा. आत 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार' असा मायना असायचा, पण पोस्टमनला त्याच्याशी काय देणंघेणं? तो पाकिटावरचं वाचायचा. 822 म्हणजे मायना, 821 म्हणजे पाकीट. 'बीसीसी', म्हणजे इतरांना न दिसणारी प्रत, चालते तीही यामुळेच: पाकिटावर पत्ता असतो, आतल्या कागदावर नसतो. आपल्याला यादीसाठी हवं असतं पाकिटावरचं, आणि मेल प्रोग्राम कॉपी करून देतो मायना.

आपल्याकडे विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने 15 ऑगस्ट 1995 ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. तेव्हा ज्यांनी स्वस्तातलं शेल अकाउंट घेतलं, त्यांच्या काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं यायची. त्यावर पाइन नावाचा मेल प्रोग्राम होता, वॉशिंग्टन विद्यापीठातला. मेल उघडून 'टी' दाबलं की तो त्यातले पत्ते वेचून ॲड्रेस बुकात टाकायला पुढे करायचा. माउस नव्हता, चित्रं नव्हती, पण पत्ता ही उचलून ठेवायची वस्तू आहे हे त्या प्रोग्रामला ठाऊक होतं. नंतरचे चकचकीत प्रोग्राम हे विसरले असं माझं मत आहे.

मग ऑफिसांचा काळ आला. 1996 ला मायक्रोसॉफ्टने कंपन्यांचा मेल सांभाळणारा एक्स्चेंज सर्व्हर आणला, 1997 ला मेल वाचायचा-लिहायचा आउटलुक. मोठ्या कंपन्यांच्या सूचीत आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव, अशी पद्धत होती. आपल्या मतदारयादीतही आडनाव पुढे असतंच की. अशा नावांच्या गर्दीत स्वल्पविरामानेच पत्ते तोडायचे म्हटलं तर गोंधळच, म्हणून आउटलुकने मधे अर्धविराम घातला. गंमत म्हणजे 822 च्या व्याकरणात अर्धविरामाचं काम निराळं होतं, गटाची यादी कुठे संपते ते दाखवण्याचं. आउटलुक मेल पाठवताना अर्धविरामाचे स्वल्पविराम करून पाठवतो, त्यामुळे ज्याला मेल पोचतो त्याला काही कळत नाही. पण पडद्यावरून कॉपी केलं की अर्धविरामच हाती येतात. स्वल्पविरामानेही पत्ते तोडू द्यायची सोय त्याच्या सेटिंगमध्ये आहे, मात्र मुळात ती बंद असते.

एक्स्चेंजचा आणखी एक वारसा आहे. कंपनीच्या आतल्या माणसाचा पत्ता तो @ च्या रूपात न ठेवता तिरक्या रेघांनी जोडलेल्या लांबलचक ओळीत ठेवायचा: संस्था, विभाग, नाव. महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात जुना मेल उघडून सोडून गेलेल्या सहकाऱ्याचा पत्ता उचलायला गेलात आणि भलतीच रेघाळ ओळ हाती आली, तर ती हीच.

दरम्यान पडद्यावरून पत्ताच गायब होऊ लागला. ॲपलच्या मेलमध्ये 'स्मार्ट ॲड्रेसेस' नावाची सोय आहे. ती चालू असली की फक्त माणसाचं नाव दिसतं. दिसायला सुटसुटीत, पण कॉपी केलं की नाव आणि टोकदार कंस दोन्ही परत हजर. अनेक वर्षं मॅकवाल्यांकडे यावर एक तोडगा होता: टर्मिनल ही आज्ञा टंकायची खिडकी उघडून एका ओळीच्या आज्ञेने 'ॲड्रेसेस इन्क्लूड नेम ऑन पेस्टबोर्ड' हे लपलेलं सेटिंग 'फॉल्स' करायचं आणि मेल बंद करून पुन्हा उघडायचा. मग नुसता पत्ता यायचा. एवढ्याशा गोष्टीसाठी काळ्या खिडकीत शिरावं लागावं! थंडरबर्ड या मेल प्रोग्रामने (पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर 2004) त्या मानाने शहाणपणा केला. पत्त्यावर राइट क्लिक केलं की फक्त पत्ता कॉपी करायचा पर्याय मिळतो, आणि नव्या आवृत्त्यांत नावासकट कॉपी करायचा वेगळा.

कॉपी ही क्रियादेखील आपण समजतो तितकी सरळ नाही. कट-कॉपी-पेस्टची ही पद्धत 1970 च्या दशकाच्या मध्याला झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी या लेखन-प्रोग्रामसाठी घडवली. तेव्हा प्रश्न फक्त मजकुराचा होता. आजचा क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं ठेवायची जागा, एकाच मजकुराची दोन-तीन रूपं एकदम बाळगतो, एक साधं, एक सजवलेलं, आणि पेस्ट होतं त्या प्रोग्रामला झेपेल ते रूप तो उचलतो. म्हणून तोच पत्ता नोटपॅडमध्ये साधा दिसतो आणि वर्डमध्ये निळा, अधोरेखित. वेबपानावरच्या दुव्याचा पत्ता उचलला तर कधी पुढे 'मेलटू' आणि विसर्गासारखे दोन ठिपकेही चिकटून येतात.

माझी यादी शेवटी एक्सेलमध्ये सुटली. आधी अर्धविरामांवर तोडून एका ओळीत एक पत्ता केला. मग फाइंड-रिप्लेसमध्ये तारांकन आणि उघडणारा टोकदार कंस शोधून त्या जागी काहीच न भरता सगळे बदलले, नंतर तसाच बंद होणारा कंस. नावं गेली, स्वल्पविरामही त्यांच्याबरोबर गेले, 96 पत्ते उरले. काकांना दाखवलं तर म्हणाले, "पण आता बी-302 कोण ते कसं कळणार?" बरोबरच होतं त्यांचं. शेजारी फ्लॅट नंबरचा वेगळा रकाना केला.

पुढचा गुंता देवनागरीचा आहे. '.भारत' हे डोमेन ऑगस्ट 2014 मध्ये सुरू झालं, आणि @ च्या आधीचा भागही आपल्या लिपीत लिहिता यावा यासाठीचे आरएफसी 2012 चे आहेत. पण कऱ्हाडे हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो: एकात नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यात साधा र आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. तिथे कॉपी करणं हाच भरवशाचा मार्ग, हाताने टंकाल तर फसाल. आमच्या सोसायटीत कऱ्हाडे दोन आहेत, ए आणि डी विंगला. दोघांचेही पत्ते तूर्त रोमनमध्येच आहेत, आणि त्या दोघांत फरक एका टिंबाचा आहे.