पिवळ्या कॅसेटमधली ‘एफ-वन रेस’: पार्श्वभूमी

लेबलावर ‘९९९९९९ इन १’, आणि आत गेम मोजून पाच-सहा. बाकीची यादी म्हणजे तेच गेम, वेगळ्या नावानं किंवा वेगळ्या टप्प्यापासून सुरू होणारे. गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याच्या बॅगेतून असल्या पिवळ्या कॅसेटी नव्वदच्या दशकात कोकणात उतरल्या. सावंतवाडीपासून चिपळूणपर्यंत ज्या घरात टीव्ही गेम होता, त्या घरात गाड्यांचे दोन गेम हमखास असत. दोघांनाही ‘कार रेस’च म्हणत, म्हणून आजही आठवणींत त्यांची सरमिसळ होते. वरून दिसणारा रस्ता आणि संपत जाणारं पेट्रोल असेल तर तो कोनामीचा ‘रोड फायटर’. गाडी पाठमोरी आणि समोर आकाशाच्या रेषेपर्यंत वळत जाणारा रस्ता असेल तर ती ‘एफ-वन रेस’. पहिल्याचं नाव लोकांच्या लक्षात राहिलं. दुसऱ्याचं पुसलं गेलं, आणि करणाऱ्याचं नाव तर इथे कुणाला कधी कळलंच नाही.

‘एफ-वन रेस’ निन्टेन्डोनं २ नोव्हेंबर १९८४ला जपानात फॅमिकॉम या यंत्रासाठी आणली. प्रोग्रामिंग केलं एचएएल लॅबोरेटरी या टोकियोतल्या छोट्या कंपनीतल्या सातोरु इवाता यांनी. जन्म साप्पोरोचा, डिसेंबर १९५९चा. म्हणजे तेव्हा पंचविशीही पुरी नव्हती. जपानात या कॅसेटच्या १५ लाखांच्या आसपास प्रती खपल्या. त्या काळी जपानबाहेर मात्र ती विकायला आलीच नाही. आपल्याकडे जी पोचली ती प्रत्येक प्रत नक्कल होती.

गेम दिसायला साधा. तीन पातळ्या, लो आणि हाय असे दोनच गिअर. लोमध्ये २२४, हायमध्ये ४१६ किलोमीटरपर्यंत वेग. सुटतानाच हाय टाकला की गाडी रांगत राहते. लोमध्ये काटा दोनशेपार नेऊन मगच गिअर बदलायचा, आणि दुसऱ्या गाडीला घासून वेग पडला की पुन्हा लो. हे कुणी शिकवत नसे. दोन-तीनदा वेळ संपली की आपसूक कळे.

खरी करामत त्या वळणाऱ्या रस्त्यात आहे. फॅमिकॉमचं चित्र २४० आडव्या ओळींचं. यंत्राला अख्खं पार्श्वचित्र डावी-उजवीकडे सरकवता येतं, पण वाकवता येत नाही. रस्ता वाकल्यासारखा दिसायला हवा असेल तर प्रत्येक ओळ वेगळ्या मापानं सरकवावी लागते: तळाची जवळजवळ जागेवर, वरची थोडी, क्षितिजाजवळची बरीच. पडद्यावर ओळ रेखली जात असतानाच प्रोग्रामनं पुढच्या ओळीचं माप चित्र काढणाऱ्या चिपच्या हाती द्यायचं. त्यासाठी एका ओळीमागे वेळ मिळतो प्रोसेसरच्या घड्याळाच्या फक्त ११३ पूर्णांक दोन-तृतीयांश ठोक्यांचा. एकेका सूचनेला दोन ते सात ठोके लागतात. ‘ओळ संपली’ हे सांगणारी कसलीही घंटा या यंत्रात नाही. नंतरच्या काही कॅसेटींत तेवढ्यासाठी वेगळी चिप घातली जाई, ‘एफ-वन रेस’मध्ये ती नाही. म्हणजे ठोके मोजूनच कोड लिहायचा. एक सूचना जास्त झाली की रस्त्याला कात्री लागल्यासारखी चीर पडते. कसला ‘साधा’ गेम!

ही जादा चिप नसणं हेच तिच्या नकलांचं भांडवल ठरलं. अशा सुरुवातीच्या कॅसेटींत प्रोग्रामला १६ किंवा ३२ किलोबाइट आणि चित्रांना ८ किलोबाइट, एवढाच ऐवज. असे बारके गेम एका मोठ्या मेमरीत शेजारी शेजारी ठेवायचे, मेनूतून कोणता हवा ते सांगणारी एक स्वस्त चिप जोडायची, की झाली ‘इन वन’ कॅसेट. शिवाय गाडीच्या शर्यतीला जपानी वाचता यावं लागत नाही. ‘एफ-वन रेस’ या कॅसेटींत पुन्हा पुन्हा दिसते ती एवढ्याचसाठी, कुणाला तिचं फार प्रेम होतं म्हणून नव्हे.

यंत्रंही नकलाच. फॅमिकॉमच्या दोन मुख्य चिपांच्या प्रती तैवानच्या यूएमसीनं काढल्या, पुढे सगळा कारभार एकाच चिपवर आला, आणि अशीच यंत्रं मीडिया, लिटल मास्टर वगैरे नावांनी आपल्याकडे विकली गेली. इथे एक गोष्ट घडली जी खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांना माहीत नाही. जपानी टीव्ही तेव्हा सेकंदाला ६० चित्रं दाखवायचा, आपला ‘पॅल’ या पद्धतीचा टीव्ही ५०. गेमचं घड्याळ चित्रं मोजून चालतं. त्यामुळे गेममधलं एक मिनिट इथे ७२ सेकंदांचं झालं. इंजिनाच्या घरघरीचा सूर जवळजवळ तोच राहिला, कारण तो प्रोसेसरच्या घड्याळावर ठरतो आणि त्या घड्याळात एका टक्क्याचाही फरक नव्हता. पण गाडी, वळणं आणि वेळ सगळं सहाव्या हिश्श्यानं संथ. देवगड-मालवणच्या पोरांनी जी शर्यत तोंडपाठ केली, ती इवातांनी लिहिलेली शर्यत नव्हे.

तरीही रस्ता फाटला नाही, हे श्रेय नक्कल करणाऱ्यांचं. निन्टेन्डोनं युरोपसाठी स्वतः जी पॅल चिप बनवली, तिच्यात ओळीमागे साडेएकशेसहाच ठोके बसतात. ओळीमागे सात ठोक्यांची तूट म्हणजे रस्त्याच्या शंभर ओळींत सातशे ठोके, म्हणजे सहा-साडेसहा ओळींची चूक. यूएमसीच्या पॅल चिपांत ११३ पूर्णांक दोन-तृतीयांशचं माप तसंच ठेवलं आणि पॅलच्या जादा ५० ओळी चित्र संपल्यानंतरच्या रिकाम्या जागेत सरकवल्या. जपानी कोड एक अक्षर न बदलता चालावा म्हणून केलेली ही युक्ती. नकलेनं अस्सलापेक्षा अस्सल वागावं, तसंच काहीसं.

कोकणात या सामानाचा शत्रू खारी हवा आणि पावसाळ्याची ओल. कॅसेट उघडली तर डबीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं सर्किट निघतं: मधोमध काळ्या राळेचा ठिपका, त्याच्या पोटात चिप, आणि खालच्या कडेला दोन्ही बाजूंना तीस-तीस असे साठ पट्टे. सोन्याचा मुलामा नावाला. त्याखालच्या तांब्याला एका पावसाळ्यात, न घासलेल्या तांब्याच्या कळशीवर येतो तसा, हिरवट गंज धरतो. आवाज येतोय, गाडी चालतेय, पण रस्त्याच्या जागी अक्षरांचे ठोकळे दिसताहेत, तर चित्राच्या मेमरीकडचे पट्टे खराब आहेत. पडदा नुसता करडा, आवाजही नाही, तर प्रोग्रामकडचे. फुंकर मारून कॅसेट चालते ती क्षणभर ओल आल्यामुळे किंवा निव्वळ काढून घातल्यामुळे. तीच ओल पुढच्या गंजाचं बियाणं.

उपाय असा. पेन्सिलीचा पांढरा खोडरबर घ्यावा. शाईचा खरखरीत घेतला तर उरलासुरला मुलामाही जातो. पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेनं घासावं, आडवं नाही. चुरा झटकून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसावं आणि पाच मिनिटं सुकू द्यावं. रॉकेल वापरू नये. त्याचा तेलकट थर राहतो आणि चुलीच्या वरच्या माळ्यावर त्यात काजळी बसते. एवढं करूनही दिसत नसेल तर दोष यंत्राच्या खाचेत: आतल्या साठ स्प्रिंगा दबलेल्या असतात, त्या सुईच्या टोकानं एकेक करून जराशा पुढे ओढायच्या. काळ्या ठिपक्याखालचा जोड सुटला असेल तर मात्र कॅसेट संपली.

चित्रावर आडव्या लाटा फिरत असतील तर कॅसेटला दोष देऊ नये. सोबतचा अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्टचा, आत ७८०५ हा नियामक, आणि पक्के ५ व्होल्ट देण्यासाठी त्याला निदान ७ व्होल्ट हवेत. संध्याकाळी लाइनच्या टोकाच्या वाडीत २३०चे १७० झाले की ९चे साडेसहा होतात. मग मधल्या वळणावर गेम परत मेनूत.

इवाता १९९३ साली कर्जात बुडालेल्या एचएएलचे अध्यक्ष झाले, कंपनी सावरली, २०००मध्ये निन्टेन्डोत गेले आणि २००२मध्ये तिचे अध्यक्ष झाले. यामाउची घराण्याबाहेरचे पहिलेच. डीएस आणि वी ही यंत्रं त्यांच्या कारकिर्दीतली. पित्तनलिकेच्या कर्करोगानं ११ जुलै २०१५ रोजी ते गेले, वय ५५. स्विच हे यंत्र २०१७मध्ये आलं तेव्हा त्यांचा जुना ‘गोल्फ’ हा गेम त्यात लपवून ठेवलेला सापडला. तो उघडण्यासाठी यंत्राची तारीख ११ जुलै असावी लागे आणि हात इवातांच्या नेहमीच्या लकबीत पुढे करावे लागत. ‘एफ-वन रेस’च्या वाट्याला असं काही आलं नाही.

आता ती इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या संगणकातल्या प्रोग्रामवर, खेळणारा जुना गडी पहिल्याच वळणावर फलकाला धडकतो आणि वय झालं म्हणतो. वय नव्हे, ती सेकंदाला ६० चित्रांची मूळची गती आहे. ओळखीचा वेग हवा असेल तर मेसेन किंवा एफसीईयूएक्स या इम्युलेटरमध्ये प्रदेशाच्या यादीत ‘डेंडी’ निवडावं. रशियात गाजलेल्या अशाच नकली यंत्राचं ते नाव, ठोक्यांचं माप आपल्याकडच्या पॅल यंत्रांचंच. शेजारचं ‘पॅल’ निवडू नये. तिथे वेग जुळतो, पण रस्ता विसकटू शकतो.