परदेशातून खरेदी करून परतताना: सीमाशुल्काची सवलत, घोषणापत्र आणि सोबत ठेवायची कागदपत्रे

दुबई, सिंगापूर किंवा बँकॉकची सहल आटोपून परतणाऱ्या मराठी कुटुंबांत एक हिशेब हमखास ऐकू येतो: माणशी पंच्याहत्तर हजारांची सवलत आहे, आपण चौघे आहोत, म्हणजे तीन लाखांपर्यंतचे काहीही बिनधास्त आणता येईल. या हिशेबातील बेरीज बरोबर असली तरी नियम मात्र चुकीचा समजलेला आहे. सीमाशुल्काची सवलत ही प्रत्येक प्रवाशाची स्वतंत्र असते आणि ती दुसऱ्याच्या सवलतीत मिळवता येत नाही. चौघांनी प्रत्येकी सत्तर हजारांच्या वेगवेगळ्या वस्तू आणल्या, तर शुल्क लागणार नाही; पण एकच वस्तू दीड लाखाची असेल, तर नवऱ्याची अर्धी आणि बायकोची अर्धी अशी ती कागदावर वाटून घेता येत नाही. विमानतळावरचे बरेचसे वाद याच गैरसमजातून सुरू होतात, म्हणून प्रथम तेवढे लक्षात ठेवावे.

भारतात प्रवाशांच्या सामानाला सीमाशुल्क अधिनियम, १९६२ आणि त्याखाली केलेले सामानविषयक नियम लागू होतात. १ एप्रिल २०१६ पासून लागू असलेल्या नियमांत ही सवलत ५०,००० रुपयांची होती. २ फेब्रुवारी २०२६ पासून अमलात आलेल्या नव्या नियमांनी ती ७५,००० रुपये केली. जुन्या माहितीपत्रकांत आणि फिरत्या संदेशांत अजून पन्नास हजारांचाच आकडा आढळतो. तो आता विसरण्यास हरकत नाही.

सवलत कोणाला मिळते

विमानाने किंवा जहाजाने येणाऱ्या भारतातील रहिवाशाला, तसेच भारतीय वंशाच्या पर्यटकाला ७५,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू शुल्काविना आणता येतात. त्यामुळे अमेरिकेचा पासपोर्ट असलेली भाची दिवाळीला पुण्यात येत असेल, तर तिलाही हीच मर्यादा लागू होते. मात्र तिच्यासोबत पर्यटक व्हिसावर येणारा तिचा परदेशी वंशाचा नवरा २५,००० रुपयांच्याच सवलतीस पात्र ठरतो. मुलांनाही स्वतंत्र सवलत आहे. अपवाद दोन वर्षांखालील तान्ह्या बाळाचा, कारण त्याच्या नावावर फक्त त्याचे वापरातील कपडे आणि तत्सम वस्तूच आणता येतात.

या रकमेत काय मोजले जाते, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. प्रवासात वापरलेले कपडे, प्रसाधने, हातातला नेहमीचा फोन अशा वापरातील वैयक्तिक वस्तू या मर्यादेत धरल्या जात नाहीत. अठरा वर्षांवरील प्रत्येक प्रवाशाला एक लॅपटॉपही या रकमेच्या बाहेर, शुल्काविना आणता येतो. नवीन घेतलेल्या वस्तू, मग त्या स्वतःसाठी असोत वा कोणाला भेट देण्यासाठी, मर्यादेत येतात. नवा फोन खोक्यातून काढून खिशात ठेवला म्हणजे तो वापरातला झाला, ही युक्ती अधिकाऱ्यांना आपल्यापेक्षा जुनी माहीत आहे. सवलत प्रामाणिक प्रवासी सामानाला आहे, व्यापारी मालाला नाही. एकाच जातीचे दहा फोन किंवा पन्नास अत्तराच्या कुप्या कोणाच्याही नावावर विभागल्या, तरी त्यांना सामान म्हणणे कठीण जाते. शिवाय परतल्यावर मुंबईच्या आगमन कक्षातील ड्यूटी-फ्री दुकानातून घेतलेल्या वस्तूही याच मर्यादेत मोजल्या जातात. तिथे शुल्क नाही याचा अर्थ ती खरेदी मोजणीबाहेर आहे असा होत नाही.

शुल्क किती लागते

मर्यादेपलीकडच्या रकमेवर ३५ टक्के सीमाशुल्क आणि त्या शुल्कावर १० टक्के समाज कल्याण अधिभार मिळून ३८.५ टक्के आकारणी होते. समजा, एखाद्याने १,२०,००० रुपयांचा एक नवा फोन आणला आणि अन्य काही खरेदी केली नाही, तर ७५,००० वजा जाऊन उरलेल्या ४५,००० रुपयांवर शुल्क बसेल आणि ते १७,३२५ रुपये होईल. परदेशात फोन किती स्वस्त मिळाला, याचा आनंद साजरा करण्यापूर्वी ही रक्कम त्यात मिळवून पाहावी. पुष्कळदा फोर्टातल्या दुकानाचा भाव फारसा दूर राहत नाही.

काही वस्तूंना ही सर्वसाधारण सवलतच नाही. सपाट पडद्याचा टीव्ही हे त्याचे ठळक उदाहरण: त्याच्या पूर्ण किमतीवर पहिल्या रुपयापासून शुल्क लागते. ६५,००० रुपयांचा टीव्ही पंच्याहत्तर हजारांच्या आत बसतो असे वाटते, पण त्यावर २५,०२५ रुपये भरावे लागतात. सोने-चांदीची बिस्किटे, नाणी किंवा दागिन्यांखेरीज कोणत्याही रूपातील सोने-चांदी, तसेच बंदुका व पन्नासपेक्षा अधिक काडतुसे याच यादीत आहेत.

मद्य आणि तंबाखूच्या मर्यादा आकड्यांत साध्या, पण दुकानातील वेष्टनांशी त्या जुळत नाहीत, आणि गोंधळ तिथेच होतो. मद्य दोन लिटरपर्यंत आणता येते. एक लिटरच्या दोन बाटल्या म्हणजे मर्यादा पुरी; परंतु ‘तीनावर सूट’ पाहून ७५० मिलिलिटरच्या तीन बाटल्या घेतल्या, तर एकूण सव्वादोन लिटर होतात आणि पाव लिटर मर्यादेबाहेर जाते. सिगारेटी शंभर, किंवा सिगार पंचवीस, किंवा तंबाखू १२५ ग्रॅम, यांपैकी एकच पर्याय घेता येतो. ड्यूटी-फ्री दुकानात विकले जाणारे सिगारेटींचे नेहमीचे खोके दोनशेंचे असते, म्हणजे एका खोक्यातच मर्यादेच्या दुप्पट माल हाती पडतो. मर्यादेत असलेले मद्य आणि सिगारेटी यांची किंमतही पंच्याहत्तर हजारांतूनच वजा होते, त्यासाठी वेगळे खाते नाही.

दागिन्यांचा प्रश्न

दागिन्यांची खास सवलत फक्त एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे: स्त्रीला ४० ग्रॅम आणि इतर प्रवाशाला २० ग्रॅम. पूर्वी या वजनाला अनुक्रमे एक लाख आणि पन्नास हजार रुपयांची किमतीची मर्यादाही जोडलेली होती आणि सोन्याचा भाव चढत गेला तसतशी ती सवलत कागदावरच राहिली, कारण पन्नास हजारांत वीस ग्रॅमच्या आसपासही पोहोचता येत नव्हते. नव्या नियमांनी किमतीची अट काढून केवळ वजन ठेवले, हा बदल उशिरा झाला असला तरी योग्यच आहे. आठ दिवसांच्या सहलीवर गेलेल्या गृहिणीला मात्र या चाळीस ग्रॅमचा काहीही उपयोग नाही, आणि दुबईच्या गोल्ड सूकमधला विक्रेता हे सांगत बसत नाही.

याहून त्रासदायक बाब घरून नेलेल्या दागिन्यांची. लग्नातल्या पाटल्या, तोडे, मंगळसूत्र घालून परदेशी गेलेल्या बाईला परत येताना ‘हे तुम्ही इथूनच नेले होते, याचा पुरावा काय?’ असे विचारले गेले, तर वीस वर्षांपूर्वीच्या सराफाची पावती कोणाजवळ असते? यावर उपाय जाण्यापूर्वीच करायचा असतो. निघताना विमानतळावरील सीमाशुल्क कक्षात दागिने दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. त्यात वस्तूंचे वर्णन आणि वजन नोंदवले जाते आणि परतताना तेच कागद दाखवले की प्रश्न मिटतो. मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा वजन व वर्णनासह दाखला आणि दागिन्यांची छायाचित्रे सोबत नेली, तर काम लवकर होते. महागडा कॅमेरा, त्याची भिंगे किंवा व्यावसायिक उपकरणे नेणाऱ्यांनीही मॉडेल व क्रमांक नोंदवून असेच प्रमाणपत्र घ्यावे. ही वस्तू चेक-इनच्या सामानात जाणार असेल, तर बॅग पट्ट्यावर सोडण्याआधी सीमाशुल्क कक्ष गाठावा, कारण गेलेली बॅग तपासणीसाठी परत मिळत नाही. त्यासाठी विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचावे.

घोषणापत्र आणि दोन मार्गिका

सामान घेतल्यावर बाहेर पडण्याच्या दोन वाटा असतात. ज्यांच्याकडे मर्यादेबाहेरचे किंवा निर्बंधित असे काहीच नाही, त्यांनी हिरव्या मार्गिकेतून जावे. त्यांना घोषणापत्र भरण्याची गरज नसते. ज्यांच्याकडे शुल्कपात्र वस्तू आहेत, त्यांनी घोषणापत्र भरून लाल मार्गिकेत जावे. घोषणापत्रात नाव, पासपोर्ट क्रमांक, विमानाचा क्रमांक, नगांची संख्या आणि शुल्कपात्र वस्तूंची एकूण किंमत लिहावी लागते आणि सोने, चलन, मांस, दुग्धजन्य पदार्थ, बिया, रोपे, उपग्रह फोन, ड्रोन अशा वस्तू आहेत का, या प्रश्नांना हो किंवा नाही असे उत्तर द्यावे लागते. सीमाशुल्क विभागाच्या ‘अतिथी’ या मोबाइल ॲपवर हे घोषणापत्र विमानात बसण्यापूर्वीच भरता येते. चूक नेमकी कोणत्या क्षणी गुन्ह्यात बदलते, हे येथे ध्यानात घ्यावे: हिरव्या मार्गिकेत पाऊल टाकणे हीच ‘माझ्याकडे काही नाही’ अशी घोषणा मानली जाते, आणि नंतर ‘मी सांगणारच होतो’ या म्हणण्याला अर्थ उरत नाही.

चलनाबाबतही घोषणा करावी लागते. परदेशी नोटा ५,००० अमेरिकी डॉलरहून अधिक असल्यास, किंवा नोटा व प्रवासी धनादेश मिळून १०,००० डॉलरहून अधिक असल्यास, चलन घोषणापत्र भरणे आवश्यक आहे. भारतीय चलन निवासी प्रवाशाला २५,००० रुपयांपर्यंतच आणता येते. ई-सिगारेटवर २०१९ च्या कायद्याने पूर्ण बंदी आहे आणि ड्रोनची आयात फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे. या वस्तू शुल्क भरूनही सुटत नाहीत. मुलाच्या वाढदिवसासाठी आणलेले ‘खेळण्यातले’ ड्रोनही त्यातलेच समजावे.

सोबत ठेवायची कागदपत्रे

पासपोर्ट आणि बोर्डिंग पास हवेतच, पण खरा आधार बिलांचा. अधिकारी बिल पाहून आणि सरकारने जाहीर केलेल्या विनिमय दराने किंमत ठरवतो. बिल नसेल, तर बाजारभाव पाहून ती ठरवली जाते आणि सवलतीत घेतलेल्या वस्तूलाही मग छापील किंमत लागू शकते. परदेशातील बिले बहुधा उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असतात आणि पाकिटात आठ दिवस राहिली की त्यांवरची अक्षरे पुसट होतात. दुकानातच बिलाचे छायाचित्र काढून ठेवावे. दुबईत पाच टक्के व्हॅट परत घेताना हीच बिले विमानतळावर दाखवणारे काही प्रवासी मुंबईत उतरल्यावर ‘बिल नाही’ असे सांगतात. तीच बॅग, तेच खोके आणि परताव्याचा कागद सोबत असताना हे सांगणे शहाणपणाचे नाही.

दिल्लीत उतरून पुढे पुण्याला किंवा नागपूरला जाणाऱ्यांनी सामानाची तपासणी पहिल्या विमानतळावरच होऊ शकते हे गृहीत धरून पुढच्या विमानापूर्वी पुरेसा अवधी ठेवावा. मागाहून मालवाहतुकीने येणाऱ्या सामानाला ७५,००० रुपयांची सवलत नाही, त्यातील वापरलेल्या वैयक्तिक वस्तूंचीच शुल्कातून सुटका होते.

शुल्क भरायचे नसेल किंवा वाद झाला तर

खरी घोषणा केली आहे, पण शुल्क भरण्याची तयारी नाही, अशा वेळी अधिनियमाच्या कलम ८० चा उपयोग होतो. भारतात थोड्या दिवसांसाठी आलेला प्रवासी आपली वस्तू सीमाशुल्काकडे ठेवून परदेशी परत जाताना ती घेऊन जाण्याची विनंती करू शकतो. वस्तूची नोंद असलेली पावती त्याला मिळते. जायच्या दिवशी ती दाखवून वस्तू मिळण्यास वेळ लागतो, म्हणून विमानतळावर आधी कळवून पुरेसे लवकर पोहोचावे. हा मार्ग घोषणा न करता पकडल्या गेलेल्यांसाठी नाही. त्यांच्या वस्तू कलम १११ खाली जप्तीस पात्र होतात, कलम ११२ खाली दंड होऊ शकतो आणि कलम १२५ खाली जप्तीऐवजी मोचन दंड भरून वस्तू सोडवण्याची मुभा मिळाली, तरी शुल्क वेगळे भरावे लागते.

वस्तू ताब्यात घेतल्यास अटकावणीची पावती मागावी आणि ज्या कागदावर सही करायला सांगितले जाईल, तो वाचावा. जप्तीपूर्वी कारणे दाखवा नोटीस मिळण्याचा आणि सुनावणीचा हक्क प्रवाशाला आहे. छापील मजकुरावर सही घेऊन तो हक्क सोडल्याचे दाखवणे कायद्याला धरून नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले. आदेश प्रतिकूल गेला, तर तो मिळाल्यापासून साठ दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील करता येते. सामानाच्या प्रकरणात त्यापुढची दाद न्यायाधिकरणाकडे नव्हे, तर केंद्र सरकारकडे पुनरीक्षण अर्जाने मागावी लागते आणि त्याची मुदत अपिलाचा आदेश मिळाल्यापासून तीन महिन्यांची आहे. त्यासाठी बिल, अटकावणीची पावती आणि घोषणापत्राची प्रत तोवर जपून ठेवावी.