वाळलेल्या कुटारापासून दमेकऱ्याला धोका नसतो का?

“बुरशी ओलाव्यात वाढते, म्हणून दमेकऱ्याने पावसाळा सांभाळला की पुरे, उन्हात वाळलेले कुटार निर्धोक असते,” असा निरोप आपल्याकडे वर्षानुवर्षे फिरत आहे. त्यातला पहिला भाग खरा आहे, आणि म्हणूनच उरलेलाही सहज पटतो.

परंतु ॲलर्जी होण्यासाठी बुरशी जिवंत असावीच लागते असे नाही. मेलेल्या बीजाणूंमधील, म्हणजे बुरशीच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांमधील प्रथिनेही ती घडवू शकतात. ॲस्परजिलस या बुरशीचा बीजाणू साधारण २ ते ३.५ मायक्रॉनचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा आणि श्वासनलिकांच्या खोलवरच्या शाखांपर्यंत पोहोचणारा असतो, तर अल्टरनेरिया या दुसऱ्या बुरशीचे बीजाणू कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांतच अधिक उडतात. त्यामुळे सोयाबीनच्या मळणीत किंवा उन्हाळ्यात जुने कुटार उपसताना दम लागला, तर धुळीबरोबर त्यांचाही वाटा असू शकतो.

पडताळणी अवघड नाही. कोणत्या कामानंतर त्रास वाढतो हे काही आठवडे वहीत लिहावे आणि ती वही डॉक्टरांना दाखवून त्वचेवरील ॲलर्जी चाचणी किंवा रक्तातील विशिष्ट आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) तपासणीविषयी विचारावे. चाचणी सकारात्मक आली म्हणजे आजार ठरला असे नव्हे. ती लक्षणांशी जुळावी लागते. मात्र बेडक्यातून तपकिरी गुठळ्या पडत असतील, तर तपासणी लांबवू नये.