त्रैक्य : ख्रिस्ती मतमतांतरे

देव एकच असून तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींत आहे, हा ख्रिस्ती धर्माचा मध्यवर्ती सिद्धांत म्हणजे त्रैक्य. रोमन कॅथलिक, पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक सर्व प्रॉटेस्टंट पंथ तो मानतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांच्या नावाने बाप्तिस्मा देण्याची आज्ञा मत्तयच्या शुभवर्तमानाच्या शेवटी (२८:१९) आहे. मात्र ‘त्रैक्य’ ही संज्ञा बायबलमध्ये नाही आणि तिघांचे आपसांतले नाते नेमके काय, याची सलग मांडणीही तिथे नाही. योहानाच्या एकाच शुभवर्तमानात येशू ‘मी आणि पिता एक आहोत’ (१०:३०) असे म्हणतो आणि ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ (१४:२८) असेही म्हणतो. मतभेदाचे बीज इथेच आहे.

एक की तीन, असा हा आकड्यांचा वाद असल्याचे वरवर वाटते. वाद घालणाऱ्यांपुढे प्रश्न होता तो उपासनेचा आणि उद्धाराचा. ज्याच्यापुढे आपण गुडघे टेकतो तो खराखुरा देव आहे की देवाने निर्माण केलेला कोणी? प्रत्येक पक्ष एकेक गोष्ट जिवापाड जपत होता, आणि ती जपताना दुसरी हातची निसटत होती.

तिसऱ्या शतकात रोममध्ये सॅबेलियसने देवाचे एकत्व जपले. एकच देव कधी पिता, कधी पुत्र, कधी आत्मा अशा रूपांत प्रकट होतो, असे त्याचे मत. मग गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करीत होता ती कोणाला, हा त्यावरचा बिनतोड सवाल. अशाच मताच्या प्रॅक्सियसवर कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन याने ‘याने पित्यालाच क्रुसावर चढवले’ असा घणाघात केला होता. एक तत्त्व, तीन व्यक्ती ही लॅटिन परिभाषा मुख्यतः तर्तुल्यनचीच. अँटिऑकचा बिशप पॉल याने दुसरे टोक गाठले : येशू मूळचा माणूस, देवाच्या सामर्थ्याने भारलेला. २६८ मध्ये तो पदच्युत झाला.

खरा भडका उडाला तो अलेक्झांड्रियात, ३१८ च्या सुमारास. तिथला धर्मगुरू एरियस सांगू लागला की पुत्र हा पित्याची पहिली आणि सर्वश्रेष्ठ निर्मिती आहे. तो नव्हता असाही एक क्षण होता. देव अजन्मा असेल तर जन्मलेला पुत्र त्या अर्थाने देव कसा, हे त्याचे म्हणणे तर्काला धरून होते, आणि ते लोकांपर्यंत कसे न्यायचे हेही तो जाणत होता. खलाशी, दळण दळणारे, वाटसरू यांच्या तोंडी बसतील अशी गाणी त्याने रचल्याचे जुन्या इतिहासकाराने नोंदवले आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ मध्ये निकाया (आजच्या तुर्कस्तानातील इझनिक) येथे बिशपांची परिषद बोलावली. पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’, ग्रीकमध्ये ‘होमोऊसिऑस’, आहे असे तिने ठरवले.

निकायाने वाद मिटला असा समज सर्रास आढळतो. तो चूक आहे. ‘एकतत्त्व’ हा शब्द पवित्र शास्त्रात नाही, शिवाय त्याला सॅबेलियसचा वास येतो, म्हणून अनेक सश्रद्ध बिशपांनाही तो खुपत होता. काहींनी ‘समानतत्त्व’ असा मधला मार्ग काढला. ग्रीकमध्ये तेवढ्यासाठी एकाच अक्षराची भर पुरत होती. पुढची पन्नासेक वर्षे सम्राट बदलला की अधिकृत मत बदलत राहिले. निकायाच्या बाजूने झुंजणारा अलेक्झांड्रियाचा बिशप अथेनेशियस पाच वेळा हद्दपार झाला आणि त्याची सुमारे सतरा वर्षे परागंदा अवस्थेत गेली. त्याचा युक्तिवाद सरळ होता : निर्माण झालेला कोणी इतर निर्मितीला तारू शकत नाही, आणि पुत्र निर्मिती असेल तर त्याची पूजा ही मूर्तिपूजाच ठरते. एरियसच्या तर्कापेक्षा हा युक्तिवाद अधिक खोल जातो, कारण तो श्रद्धावंतांच्या रोजच्या प्रार्थनेपासून सुरू होतो.

राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये हा विषय रस्त्यावर कसा पोहोचला होता, त्याचे वर्णन नीसाचा बिशप ग्रेगरी याने केले आहे. सुट्टे पैसे मागावेत तर समोरचा ‘जन्मलेला’ आणि ‘अजन्मा’ यांवर प्रवचन झोडतो. पावाचा भाव विचारावा तर ‘पिता मोठा, पुत्र त्याच्या खाली’ असे उत्तर येते. स्नानाचे पाणी तयार आहे का म्हणावे, तर नोकर सांगतो, पुत्र शून्यातून झाला! हा ग्रेगरी, त्याचा थोरला भाऊ बेसिल आणि नाझियांझसचा ग्रेगरी या तिघांनी तत्त्व एक, व्यक्ती तीन ही ग्रीक मांडणी पक्की केली. पवित्र आत्म्यालाही पित्या-पुत्रासोबतच वंदन व्हावे, हे ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने मान्य केले. आज चर्चमध्ये म्हटला जाणारा ‘निकायाचा विश्वासांगीकार’ (श्रद्धेची ठरावीक शब्दांतली कबुली) याच परिषदेशी जोडला जातो.

पूर्व आणि पश्चिम चर्चमध्ये फूट पडण्यास याच विश्वासांगीकारातली एक भर कारणीभूत ठरली. मूळ पाठात पवित्र आत्मा ‘पित्यापासून’ निघतो असे आहे. पश्चिमेने त्यात ‘आणि पुत्रापासून’ (फिलिओक्वे) असे जोडले. स्पेनमधले व्हिसिगॉथ राजे एरियसच्या मताचे होते. राजा रेकारेडने ते सोडल्यावर ५८९ मध्ये टोलेडोला परिषद भरली. पुत्र कमी नाही हे ठसवण्याची तिथे निकड होती, आणि त्याच वातावरणात ही भर रुजली. पिता व पुत्र यांच्यातले प्रेम म्हणजेच पवित्र आत्मा, ही पश्चिमेकडचा थोर धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीन याची मांडणी तिच्या पाठीशी होतीच. पोप तिसऱ्या लिओला हा सिद्धांत मान्य होता, तरी पाठात बदल नको होता. त्याने ही भर नसलेला मूळ पाठ ग्रीक व लॅटिनमध्ये चांदीच्या फलकांवर कोरून रोममध्ये लावला. १०१४ मध्ये मात्र रोमच्या उपासनेतही ती आली. ऑर्थोडॉक्सांचा आक्षेप दुहेरी आहे : देवत्वाचा उगम एकटा पिता, हे तत्त्व त्याने डळमळते, आणि सर्व चर्चने मिळून ठरवलेल्या पाठाला एका बाजूने परस्पर हात लावला गेला. दुसरा आक्षेप आजही निरुत्तर करणारा आहे. १२७४ मध्ये लियॉनला आणि १४३९ मध्ये फ्लॉरेन्सला समेट झाले, पण पूर्वेकडच्या सामान्य धर्मजनांनी ते स्वीकारले नाहीत.

धर्मसुधारणेच्या काळात ल्यूथर व कॅल्व्हिन यांनी त्रैक्याला धक्का लावला नाही. स्पॅनिश वैद्य मायकेल सर्व्हेटस याने १५३१ मध्ये त्याविरुद्ध ग्रंथ लिहिला आणि २७ ऑक्टोबर १५५३ रोजी कॅल्व्हिनच्या जिनिव्हात त्याला जिवंत जाळले. चितेवर त्याने ‘शाश्वत देवाच्या पुत्रा, येशू’ अशी हाक मारली असे सांगतात. ‘देवाच्या शाश्वत पुत्रा’ म्हणायला तो तेव्हाही तयार नव्हता. अशा मताला उघड आसरा ट्रान्सिल्व्हानियात मिळाला : १५६८ च्या तोर्दा येथील ठरावाने धर्मोपदेशकांना आपापल्या समजुतीप्रमाणे उपदेश करण्याची मुभा दिली, आणि तिथले युनिटेरियन (त्रैक्य नाकारून देवाचे एकत्व मानणारे) चर्च आजतागायत टिकून आहे. हाच विचार पुढे बंगालमध्येही पोहोचला. राममोहन रॉय यांच्याशी चर्चा करता करता विल्यम ॲडम हा बॅप्टिस्ट मिशनरीच १८२१ मध्ये युनिटेरियन झाला.

आजच्या पंथांपैकी यहोवाचे साक्षीदार येशूला देवाची पहिली निर्मिती आणि पवित्र आत्म्याला देवाची कार्यशक्ती मानतात. मॉर्मन तिघांना उद्देशाने एक पण अस्तित्वाने वेगळे समजतात. ‘वननेस’ (एकत्ववादी) पेंटेकॉस्टल केवळ येशूच्या नावाने बाप्तिस्मा देतात. १९१६ मध्ये ते असेंब्लीज ऑफ गॉड या त्रैक्य मानणाऱ्या पेंटेकॉस्टल संघटनेपासून वेगळे झाले.

मराठीत फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चा (१६१६) आरंभच पित्याच्या नमनाने होतो. पण या प्रश्नाशी सर्वांत निकराने भिडल्या त्या पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमला शिकत असताना वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्रैक्य व येशूचे देवत्व हे वारंवार येणारे मुद्दे आहेत. अथेनेशियसच्या नावाने चालणारा, न मानणाऱ्याला नरकाचे भय घालणारा विश्वासांगीकार त्यांना पटत नव्हता. भटजींचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले, आता दुसऱ्या पुरोहितांचे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी १८८५ मध्ये स्पष्ट लिहिले. गुरुस्थानी असलेल्या सिस्टरशी परक्या देशात, परक्या भाषेत असा वाद घालणे सोपे नव्हते. पुढे भारतात परतल्यावर त्यांची श्रद्धा येशूच्या देवत्वावर स्थिरावली, तीही कोणत्याही बिशपच्या आज्ञेवाचून. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला.