पॅरिसचा लवाद आणि इंदूरचं न्यायालय

इंदूर-पीथमपूरहून सोयापेंड, औषधं, यंत्रांचे सुटे भाग परदेशी जातात. या सौद्यांत भाव, ओलावा, प्रथिनांची टक्केवारी यांवर आठवडाभर घासाघीस चालते. शेवटच्या पानावरचं लवादाचं, म्हणजे पंचांकडून तंटा सोडवण्याचं, कलम मात्र छापील नमुन्यातून तसंच उतरतं: वाद झाल्यास लंडन, पॅरिस किंवा सिंगापूर, तिथल्या केंद्राच्या नियमांनुसार. लवादाच्या भारतीय कायद्यातला एक मोठा पेच अशाच एका कलमातून आपल्या इंदूरच्या जिल्हा न्यायालयात उभा राहिला.

पंच नेमून तंटा मिटवण्याची रीत जुनीच. १९५८ च्या न्यूयॉर्क करारानं परदेशी निवाड्याला देशोदेशी अंमलबजावणीचं बळ दिलं. भारत त्यात १९६० मध्ये सामील झाला आणि पुढच्याच वर्षी त्यासाठीचा कायदा आला. देशातल्या लवादाला १९४० चा कायदा लागू होता, पण त्यात प्रकरणं न्यायालयातच वर्षानुवर्षं अडकत. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या १९८५ च्या नमुन्यावर १९९६ चा कायदा बेतला गेला.

मूळ नमुन्यात, काही अपवाद वगळता, तरतुदी ‘केवळ’ त्या देशात चालणाऱ्या लवादाला लागू, असं आहे. आपल्या कायद्याच्या पहिल्या भागात, म्हणजे निवाडा होईपर्यंतची अंतरिम मदत, निवाडा रद्द करणं अशा तरतुदी असलेल्या भागात, हा ‘केवळ’ आला नाही.

१९९७ च्या एका करारावरून परदेशी कंपनीनं इथल्या कंपनीविरुद्ध पॅरिसच्या लवाद संस्थेकडे दाद मागितली. निवाडा होईपर्यंत मालमत्ता विकली जाऊ नये म्हणून १९९९ मध्ये तिनं इंदूरच्या जिल्हा न्यायालयात मनाई हुकमाचा अर्ज केला. लवाद पॅरिसला, तेव्हा पहिला भाग लागूच नाही, असा इथल्या कंपनीचा आक्षेप होता. जिल्हा न्यायालयानं तो फेटाळला, मग उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानंही. मार्च २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं: पक्षांनी करारात स्पष्टपणे किंवा गर्भितपणे वगळला नसेल, तर पहिला भाग परदेशी लवादालाही लागू.

या निकालावर देशात आणि बाहेर सडकून टीका झाली. अंतरिम मदतीसाठी उघडलेल्या दारातून पुढे भलतंच आत आलं. २००८ मध्ये लंडनचा निवाडाही भारतीय न्यायालयात रद्द करून मागता येईल, असं ठरलं. ती टीका रास्तच होती. पण मूळ अडचण खरी होती, हे टीकाकार सोडून देतात. पॅरिसला जिंकून यायचं आणि तोवर इंदूरचं गोदाम रिकामं झालेलं असेल, तर तो निवाडा काय कामाचा?

सप्टेंबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं भूमिका पालटली: लवादाचं कायदेशीर ठिकाण परदेशात असेल तर पहिला भाग लागू नाही. हा नियम मात्र त्या निकालानंतरच्या करारांपुरताच. परदेशी लवादात भारतीय न्यायालयांच्या हस्तक्षेपाची धास्ती गेली, पण त्याबरोबर अंतरिम मदतही गेली. ती २०१५ च्या दुरुस्तीनं परत आणावी लागली. करारात उलट ठरलं नसेल, तर बाहेरच्या लवादासाठीही इथं मनाई हुकूम मागता येतो आणि पुरावा गोळा करायला मदत मिळते. इंदूरच्या अर्जात मनाई हुकूमच मागितला होता, म्हणजे २००२ च्या निकालाचा गाभा संसदेनं राखला, असंच मी म्हणेन.

त्यानंतर देशातल्या लवाद केंद्रांचा जोर वाढला. २०१६ मध्ये मुंबईत असं केंद्र सुरू झालं, २०१९ मध्ये दिल्लीच्या लवाद केंद्रासाठी स्वतंत्र कायदा झाला. दोन भारतीय कंपन्याही परदेशी ठिकाण निवडू शकतात, हे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं. सरकार स्वतः मात्र कचरतं: जून २०२४ च्या सूचनांनुसार देशांतर्गत सरकारी खरेदीत लवादाचं कलम साधारणपणे १० कोटी रुपयांच्या आतल्या वादांपुरतंच ठेवायचं आहे.

२०१५ च्या दुरुस्तीनं आणखी एक बदल केला. आंतरराष्ट्रीय वाणिज्य लवादाचे अर्ज आता जिल्हा न्यायालयात जात नाहीत. तसाच वाद आज उद्भवला, तर अर्ज थेट उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे येईल.